डाव्या रांगेचं मीठ

अक्का, काल तुझी तेरवी झाली. पंगतीत मीठ मी वाढलं आणि शोभाच्या पानावर वाढलं नाही. मुद्दाम. चुकून राहिलं असं कोणाला वाटू नये म्हणून तिच्या पानापाशी थांबले, तिच्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्या पानावर चिमूट सोडली.

तू असतीस तर माझं मनगट धरून मला मागे आणलं असतंस. पण तू असतीस तर ही वेळच आली नसती. जिवंत होतीस तोवर मला शपथ घालून गप्प बसवलंस. शपथ घालणाराच गेला की शपथही सुटते, असं मी धरलं आहे. तुला पटत नसेल तर स्वप्नात येऊन भांड. मी वाट पाहते.

तुझ्या या धाकट्या जावेशी माझं वाकडं आहे हे साऱ्या अमरावतीला ठाऊक आहे. का आहे, ते तुम्हा दोघींनाच माहीत होतं. आता एकीलाच माहीत राहावं, हे मला चालणार नव्हतं.

लोकांकडे बुफे आले, तुझ्या घरात मात्र पंगतच बसायची. आणि पंगत म्हणजे तू. पदर खोचून दोन रांगांच्या मधून चालायचीस आणि सगळ्यांच्या पानांची डावी बाजू तपासायचीस. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. भाजी-वरण कोणीही वाढेल, म्हणायचीस, डावी बाजू पाहून घराणं कळते. नात्यातल्या कितीतरी पोरींना तू वाढायला शिकवलंस आणि त्यांतल्या निम्म्या तरी तुझ्या धाकाने सासरी नांदल्या. तुझं बोलणं कडू नव्हतंच कधी. एखादीची चटणी बिघडली तर तू चकार शब्द काढायची नाहीस. सगळं जेवायचीस आणि चटणी तशीच ठेवून उठायचीस. तेवढ्याने ती बाई आठवडाभर झोपायची नाही.

शोभा नवी नवरी होती तेव्हा पोळ्याच्या जेवणाला तिने जवसाची चटणी केली होती. जवस करपले होते. तू चटणी ठेवून उठलीस, भरल्या घरात, तिच्या माहेरच्या माणसांसमोर. मी होते तिथे. तिचं तोंड इतकंसं झालं होतं. तू तिला दुखावलंस हे मी नाकारत नाही. पण तेवढ्या एका चटणीचं कोणी किती वर्षं जपून ठेवावं?

मीही काही कमी जपून ठेवलेलं नाही म्हणा. माझं एक तर तुलाही कधी बोलून दाखवलं नाही. मी नवऱ्याचं घर सोडून अकोल्याला एकटी राहायला लागले त्या वर्षी तुझ्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. बायकांनी मला पार टोकाला बसवलं, चपलांपाशी. कोणी काही बोललं नाही, जागाच तेवढी राहिली होती म्हणे. तू मिठाचं भांडं घेऊन आलीस, वरच्या टोकाच्या बायकांनी पानावरची जागा मोकळी केली, आणि तू सरळ त्यांना ओलांडून चपलांपर्यंत आलीस. पहिली चिमूट माझ्या पानावर पडली. तिथून उलटी वर गेलीस. सगळ्या पंगतीने पाहिलं. त्या दिवसानंतर मला कोणी टोकाला बसवलं नाही. तुझे आभार मानायचे राहून गेले. आता मानते, आणि त्याच मिठाने काल काय केलं तेही सांगते.

तुला झटका आला, दवाखान्यातून घरी आलीस, तेव्हा सगळे म्हणाले, सुटली बाई. हात-पाय चालत होते, जीभ तर पहिल्यापेक्षा जास्त चालत होती. मग शोभाचा मला अकोल्याला फोन आला. "कुंदाताई, तुमच्या बहिणीनं पुन्हा सुरू केलं." काय सुरू केलं? "रोज माही चटणी ठेवून उठते. चटणी, कोशिंबीर, लिंबू, समदं. अर्धं ताट जशाचं तसं. मी काय करपवून राहिली का रोज?"

दुसऱ्या घरात म्हटलं असतं की म्हातारीची भूक गेली. तुझ्या घरात चटणी ठेवून उठण्याचा अर्थ एकच होता, आणि तो अर्थ तूच सगळ्यांना शिकवला होतास. शोभाने तुझ्याशी बोलणं सोडलं. तू अर्ध्याच डोक्याचे केस विंचरून बाहेर यायचीस, दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटायचीस, तरी तिला त्यात तुझा तोराच दिसला. तोवर तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मलाही आधी तेच वाटलं होतं.

म्हणून मी तुला अकोल्याला आणलं. शोभा सोबत आली होती, हे लक्षात ठेव, कारण सगळं त्यावर आहे. डॉक्टरांनी तुला घड्याळ काढायला सांगितलं. तू गोल काढलास, छान गरगरीत, आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेस. फूल काढलंस, त्याला पाकळ्या एकाच बाजूला. "झालं का आजी?" तर म्हणालीस, "झालं की, आता काय त्याले अत्तर लावू?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. तुझे डोळे ठणठणीत होते. त्या झटक्याने इजा मेंदूच्या उजव्या भागाला झाली होती आणि डावीकडे लक्ष द्यायचं काम त्या भागाचं. डोळ्यांना दिसतं, पण लक्ष तिकडे जातच नाही, त्यामुळे डावी बाजू त्या माणसापुरती उरतच नाही. आपलं काही राहिलं हेही त्याला कळत नाही, कारण राहिलेलं कळायला आधी तिकडे वळावं लागतं. मी विचारलं, मग डाव्या मेंदूला लागलं तर उजवी बाजू अशीच जाते का? ते म्हणाले, इतकी जात नाही. मेंदूचा डावा भाग मुख्यतः उजवीकडेच पाहतो, उजवा मात्र दोन्हीकडे लक्ष ठेवतो. डावा जायबंदी झाला तर उजवा सांभाळून घेतो. उजवा जायबंदी झाला तर डावीकडे पाहणारं कोणी राहत नाही. शोभा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होती. मान हलवत होती. "म्हंजे मुद्दाम नाई करून राहिल्या त्या," असं तीच म्हणाली. माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आठ दिवस तू माझ्याकडे राहिलीस. मी तुझ्या डावीकडे बसले की तू उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीला विचारायचीस, "कुंदे, कुठी गेली व?" एका दुपारी कूलरसमोर बसून मी तुला म्हटलं, अंजनगावला बाजारातून आपल्या घराकडे चाल, मनातल्या मनात, आणि कोणाकोणाची घरं लागतात सांग. तू डोळे मिटलेस. पानवाल्यांचं, मग शिंप्याचं, मग पिठाची गिरणी. सगळी उजव्या हाताची. आपलं घर डाव्या हाताला. ते आलंच नाही. ज्या घरात जन्मलीस त्याच्यावरून तू चालत पुढे निघून गेलीस.

मग सुचलं म्हणून म्हटलं, आता परत फीर. गल्लीच्या टोकाच्या विहिरीकडून बाजाराकडे ये. तू लगेच सुरू केलंस, आधी काकूचं घर, मग आपलं, मग ओट्यावर बसलेले बाबासुद्धा आले. गिरणी मात्र गेली. म्हणजे मनातली गल्लीही अर्धीच दिसत होती, पण फिरून उभं केलं की दुसरी अर्धी येत होती. हातातून काहीच गेलेलं नव्हतं. फक्त तुला वळवावं लागत होतं. मी त्या आनंदात शोभाला फोन केला आणि सगळं सांगितलं. परत फिरवलं की दिसतं तिला, म्हटलं, एवढंच ध्यानात ठेव. ती म्हणाली, "बरं झालं सांगतलं." हेही लक्षात ठेव.

ताटाचं तेच केलं. अर्धं जेवून झालं की मी तुझं ताट फिरवलं. डावीकडची चटणी उजवीकडे आली आणि तू अशी भडकलीस की शेजारीण डोकावून गेली. "ताट फिरवत असतात का? उलटं पान मेलेल्याचं वाढतात. मी मेली नाई अजून." आपल्या घरात पितरांचं पान उलटं वाढतात, चटणी-कोशिंबीर उजवीकडे. तू वाढायला शिकवलेल्यांत मीही होतेच, मला काय माहीत नव्हतं? पण तुझ्या पोटात दोन घास जावेत की नियम पाळावा? यावरून आपण आठही दिवस भांडलो. तू हरली नाहीस. शेवटी मी ताट न फिरवता तुलाच पाट धरून फिरवायला लागले. त्यालाही तू शिव्या दिल्यास, पण चटणी खाल्लीस.

मग मीनलचं साक्षगंध. तुझ्या एकुलत्या एक लेकीचं, तुझ्याच घरी. पाहुणे तेल्हाऱ्याचे, कापसाची शेती, माणसं चांगली पण मानाला जपणारी. हॉलमध्ये समोरासमोर दोन रांगा. घरचे एका बाजूला, तेल्हाऱ्याचे दुसऱ्या बाजूला. मी स्वयंपाकघरात कढईपाशी वडे तळत होते. मीठ तू वाढायला निघालीस आणि भांडं शोभाने हातात घेतलं, कारण तुझा डावा हात भांडं धरायचं विसरून जायचा. ती तुझ्या उजवीकडून चालत होती. तू एकेका पानावर चिमूट सोडत गेलीस, उजव्या हाताची सगळी रांग. डाव्या हाताला तेल्हारा बसला होता.

रांग स्वयंपाकघराच्या दारापाशी संपत होती. अक्का, तिथे तू फक्त परत फिरायची होतीस. वाढणारी बाई एक रांग करून वळते आणि दुसरी करत येते, तू जन्मभर तसंच केलंस. वळली असतीस तर तेल्हारा तुझ्या उजव्या हाताला आला असता आणि एकही पान चुकलं नसतं. शोभाने तुझा दंड धरला आणि म्हणाली, "झालं अक्का, या आत." तू आत आलीस. तुझा चेहरा अजून माझ्यासमोर आहे, इतकी खूश तू झटक्यानंतर कधी दिसली नव्हतीस. "वाढलं व सगळ्यायले," म्हणालीस. मी झारा हातात धरून तुझं कौतुक करत होते, तेवढ्यात बाहेर आवाज वाढला.

मुलाचे मामा पानावरून उठले होते. घरच्यांच्या पानावर मीठ, पाहुण्यांच्या पानावर नाही, तेही मुलीच्या आईच्या हातून. त्यांच्या मागे अर्धी रांग उठली. मी पोचेपर्यंत शोभा हात जोडून उभी होती आणि सांगत होती, "मनावर घेऊ नका जी. आमच्या अक्काच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. त्यायले समजत नाई काही." लोक शांत झाले. वेडीवर कोण रागावणार? मीठ पडलं, पंगत झाली, साक्षगंध झालं. आणि तू दाराआड उभी राहून ते ऐकलंस.

मी तिथेच बोलणार होते. तू मला आत ओढलंस. तुझ्या लेखी तू सगळ्यांना वाढलं होतंस, तेल्हाऱ्याची माणसं उगाच कुरापत काढत होती. शेवटपर्यंत तुला हेच वाटत होतं. तरी म्हणालीस, "म्हणू दे वेडी. पोरीचं जुळलं ना? माही शपथ आहे तुले, बोलू नको." आपलं काहीही चुकलेलं नाही अशी पक्की खात्री असताना तू वेडी व्हायला तयार झालीस. हे मला आजही गिळवत नाही.

आणि मग ते तसंच चिकटलं. मीनलच्या लग्नात तुला वरच्या खोलीत बसवलं, पुन्हा काही गोंधळ नको म्हणून. आलेल्या बायकांना शोभा मुद्दाम तुझ्या डावीकडे बसवायची. तू उजवीकडे तोंड करून बोलत राहायचीस आणि त्या तोंडाला पदर लावायच्या. एकदा मी दारातून पाहिलं. शोभा स्वतः तुझ्या डाव्या कानाशी बसून शेजारणीला दाखवत होती, "पाह्य, मी इथंच आहे तरी दिसत नाई." पंगतीतलं एक वेळ विसरणं म्हणता येईल. हा खेळ होता. पोळ्याच्या चटणीची फेड तिने अशी केली.

फोनवर आपलं हेच भांडण चालायचं. तू म्हणायचीस, "तिनं माही सेवा केली व, औषधपाणी केलं. तू काहून एवढी पेटून राहिली?" केली तिने सेवा, मी नाही म्हणत नाही. पण सेवा करणाऱ्याने हसवायचं नसतं. तू माफ केलंस कारण तुला डावीकडचं दिसत नव्हतं. मला दोन्ही बाजू दिसतात, मी माफ करू शकत नाही. मागच्या महिन्यातल्या फोनवर तू कंटाळून म्हणालीस, "जाऊ दे, येशीन तवा बोलू." दुसरा झटका त्याआधीच आला.

तर काल. पंगत बसली, पुन्हा दोन रांगा, तेल्हाऱ्याचे लोक आले होते. शोभाचं पान मामांच्या शेजारीच आलं. मी मीठ वाढत गेले, तिचं पान सोडलं. तिने मान खाली घातली. मामाच म्हणाले, "बाई, ह्या पानावर मीठ नाई पडलं."

"तुमाले दिसलं ना मामाजी?"

"दिसलं म्हणून तर सांगून राहिलो."

"मंग शोभालेही दिसलं असन. साक्षगंधाच्या दिवशी भांडं तिच्याच हातात होतं."

मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. घड्याळ, फूल, अंजनगावची गल्ली, डॉक्टर काय म्हणाले आणि शेजारच्या खुर्चीवर कोण बसलं होतं ते. माझी बहीण वेडी नव्हती, म्हटलं. तिची डावी बाजू गेली होती आणि त्या बाजूला तुम्ही बसला होतात. तिला फक्त वळवायचं होतं. जिला हे माहीत होतं तिने तिला वळवलं नाही, आत नेलं, आणि मग वेडी म्हणून सांगितलं.

शोभा पानाकडे पाहत म्हणाली, "मले ध्यानातच नाई आलं कुंदाताई. घरभर माणसं होती." खरंही असेल. विश्वास ठेवायला मी बांधलेली नाही. मीनल दारात उभी राहून रडत होती, "मावशी, मले तरी सांगायचं होतं." मामांनी पानावरची नजर वर केली. मग म्हणाले, "आमी उगाच उठलो त्या दिवशी. एका चिमटीसाठी." त्यांनी तुझ्या फोटोकडे पाहून हात जोडले. ते तेवढं मला हवं होतं, अक्का. तेल्हाऱ्यापर्यंत गेलेलं तुझं वेडेपण तेल्हाऱ्यानेच परत आणून तुझ्यापुढे ठेवलं.

शोभा तशीच अळणी जेवली. मीठ मागितलं नाही. मीही दिलं नाही.

तुझं पान त्याआधीच गच्चीवर ठेवलं होतं. घरातली मोठी आता शोभा, म्हणून ते तिनेच वाढलं, रीतीप्रमाणे उलटं, चटणी-कोशिंबीर उजवीकडे. चटणी जवसाची होती, तिच्या हातची. कावळा आला, शिवला, पंगत बसली. सगळं आटोपल्यावर पान उचलायला आम्ही दोघीच वर गेलो.

वडे नव्हते, भात नव्हता, वरणाचा थेंब राहिला नव्हता. कोशिंबीरही संपली होती. चटणी तेवढी होती, जशी वाढली तशी, बोटाचा ठसासुद्धा न मोडता. कावळा तिखटाला तोंड लावत नाही, असं कोणी म्हणेल. म्हणू देत.

शोभा पानाकडे पाहत राहिली. तिचा चेहरा पोळ्याच्या दिवशी झाला होता तसाच झाला. या वेळी चटणी तुझ्या उजव्या हाताला होती.

मी पान उचललं आणि तिला म्हटलं, "शोभा, हे मुद्दाम."